सतरा नंबरचे पान

२ जून, सोमवार

आज कामाचा पहिला दिवस. इस्त्रीचा सदरा घातला, कमरेला आमच्या रीतीची मानाची चटई बांधली आणि वेळेच्या अर्धा तास आधीच फाटकाशी जाऊन उभा राहिलो. फाटक बंद. शेजारच्या आवारातली डुकरीण पिल्लांसकट आली, माझ्याकडे नीट बघून गेली. मुलाखत तिनेच घेतली म्हणायची.

मग डॉक्टर पिसिला आल्या. पस्तिशीच्या असतील. न्यूझीलंडमध्ये शिकून परत आलेल्या, बोलायला मोकळ्या. मला फिलिमोनेकाका म्हणाल्या. मी माझे वय सांगितले, एकोणपन्नास. शाळा गावातली, सहावीपर्यंत, हेही सांगितले. उगाच नंतर निघायला नको. त्या म्हणाल्या, "काका, शिकलेली माणसं ढिगाने मिळतात हो. पान हातात घेऊन नाव सांगणारं कुणी मिळत नाही."

प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या आणि मागे लांबलचक मांडव. वेगवेगळ्या बेटांवरून औषधी झाडांची पाने गोणीत भरून येतात. ती धुवायची, मांडवात फळ्यांवर पसरायची, दिवसातून तीनदा उलटायची. सावलीतच वाळवायची; उन्हात पानातले हवे तेच निघून जाते. मग कुटून भुकटी, भुकटी स्पिरिटमध्ये तीन दिवस भिजवायची, गाळायची. एवढे काम माझे. पुढचे बाईंचे.

गोणीवर नाव नसते, फक्त नंबर. झाड कुठल्या बेटावरचे ते सोआकाईच्या वहीत. सोआकाई बोटवाला, पाने तोडून आणतो. बाई म्हणाल्या, तपासणाऱ्याला ठिकाण कळले तर तो आपल्या गावच्या पानाची बाजू घेतो. मला हसू आले. मी घेतलीच असती.

सोआकाईने माझ्या कमरेकडे बघून शेरा मारला, की ही चटईच कुटून भिजव, इतकी जुनी आहे की काहीतरी नक्की निघेल. बाई खुदकन हसल्या. मीही. किती दिवसांनी.

पानांच्या नोंदीसाठी वही दिली. एक जास्तीची होती, तीही मला दिली. ती ही.

५ जून, गुरुवार

आज बाईंनी त्यांचे काम दाखवले. एक गडद जांभळे पाणी असते. उजेडाने खराब होते म्हणून तपकिरी बाटलीत, वरून चंदेरी कागद. पानाचा अर्क त्यात थेंबभर टाकायचा. पानात गुण असेल तर जांभळा रंग उडतो आणि पाणी पिवळे होते. जितका गुण जास्त, तितके लवकर. बाईंनी सोपे करून सांगितले, की लोखंड जसे गंजते तसे शरीरही आतून झिजत असते, आणि काही पानांत ती झीज अडवणारे काहीतरी असते.

मी विचारले, मग हे पाणी पिवळे झाले की ते औषध झाले का? त्या एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, "नाही काका. बाटली ही बाटली आणि माणूस हा माणूस. इथलं काहीही कुणाच्या पोटात किंवा अंगावर जाता कामा नये. एवढं एक माझं ऐकायचं."

मी मान डोलावली.

जांभळा रंग हळूहळू उडताना बघत राहावेसे वाटते. देव पानात काय काय ठेवतो आणि तोंडाने काही सांगत नाही. बघायला लावतो.

८ जून, रविवार

प्रार्थना, मग जेवण. जमिनीतल्या भट्टीतून काढलेली कोनफळे आणि नारळाच्या दुधातली अळूची पाने. फुसीताईच्या हाताची चव आईसारखीच.

आम्ही बापलेक ताईच्या मागच्या खोलीत राहतो. ती घरात असली की मी पायरीवर बसतो. भावाने मोठ्या बहिणीसमोर पाय पसरून बसू नये, तिच्याबरोबर एका खोलीत हसू-खिदळू नये, ही आमची रीत. ती आतून बोलते, मी बाहेरून ऐकतो. आमचे सगळे आयुष्य असेच एका दारातून बोलण्यात गेले. आणि माझ्या मुलीच्या बाबतीत तिचा शब्द माझ्या शब्दाच्या वर. आत्याचा मान तो.

आज आतून म्हणाली, की तोआकासेने चटई विणताना पुन्हा पाती चुकवली. मुलगी वीस वर्षांची, बोटे आईसारखी चपळ. पण डोळे मंदावत चाललेत. डाव्याने जवळजवळ काही दिसत नाही. ज्वालामुखीची राख पडली, लाट आली आणि आमचे मोतुवाई बेट रिकामे झाले, तेव्हापासून सुरू झाले. आम्ही सगळे राखेलाच दोष देत आलो. दवाखान्यात थेंब दिले. ऑकलंडला पाठवायच्या यादीत नाव आहे. यादी लांब आहे.

मोतुवाईवर आता कोणी राहत नाही. थडगी तेवढी आहेत, उंचावर होती म्हणून वाचली. माझी बायको लेसिएली तिथेच आहे. नऊ वर्षे झाली तिला जाऊन. डावरी होती. मी तासन्‌तास गप्प बसतो म्हणून आम्ही दोघेच असलो की मला ओंडक्या म्हणायची. "ओंडक्या, हल की जरा, वाळवी लागेल." तिच्याशिवाय कुणी कधी म्हटले नाही.

तिला ऊन सोसत नसे. म्हणून पुरल्यावर तिच्या उशाशी मी उंडीचे रोप लावले. थडग्याला लागून आमच्यात कुणी झाड लावत नाही. पांढरी वाळू पसरतात, वर काळे गोल खडे, आणि गवताची काडी उगवली तरी उपटतात. तेव्हा लोक नको म्हणाले होते. मी ऐकले नाही. तिच्यावर सावली पडलेली बघून मला बरे वाटायचे.

१२ जून, गुरुवार

सतरा नंबरची गोणी. पाने उंडीची, ती मी ओळखली. उंडीच्या चार गोण्या आल्यात, वेगवेगळ्या बेटांवरच्या. पण ही पाने फळीवर वाळायला फार दिवस घेत होती. हाताला थंड लागायची. भर दुपारी, पत्रा तापलेला असताना.

आज बाईंनी त्यांचा अर्क जांभळ्या पाण्यात टाकला. रंग हळूहळू उडाला नाही. थेंब पडला आणि जांभळे नव्हतेच. बाईंना वाटले काचेची नळी रिकामीच होती. पुन्हा केले. सहा वेळा केले. उरलेल्या तिन्ही उंड्या बिचाऱ्या अर्धा तास घेऊन फिकट होत होत्या.

बाई खुर्चीत बसून हसत सुटल्या. सोआकाई म्हणाला, "आता बाई मंत्री होणार, आणि आपण दोघं गोण्याच वाहणार." सगळ्यांनी मिळून नारळ फोडून खाल्ले.

मला मात्र त्या नळीकडे बघवेना. का ते सांगता येत नाही. रंग मेला असे वाटले.

१६ जून, सोमवार

सतराची गोणी झटकली. तळाशी खडे होते. काळे, गोल, गुळगुळीत. थडग्यावर पसरतात ते.

सोआकाईला विचारले. तो म्हणाला, "मोतुवाईच्या थडग्यांत आहे ना झाड. फांद्या वाळूपर्यंत आल्यात, बसून तोडता येतात. तिथं एकच तर आहे."

त्याने माझ्या तोंडाकडे बघितले, मग डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला. म्हणाला, "मला ठाऊक नव्हतं रे दादा."

त्याचा काय दोष? गोणीवर नंबरच असतो.

घरी येताना एक खडा खिशात घेऊन आलो. आणि पाने. मूठभर.

१८ जून, बुधवार

उंडीची पाने पाण्यात रात्रभर ठेवली की पाणी निळसर होते. त्याने डोळे धुतात. माझी आई धुवायची, तिची आई धुवायची. यात नवीन काही नाही.

बाईंना मान डोलावली होती, हे आठवत होते. तरी सकाळी तोआकासेला पायरीवर बसवून दोन्ही डोळ्यांत चार-चार थेंब टाकले. मनात म्हटले, हे पान जर शरीराची झीज अडवत असेल, तर हिच्या डोळ्यांची का नाही? आणि झाड तिच्या आईच्या उशाचे. आई मुलीचे वाईट कशाला करील?

तोआकासे म्हणाली, गार आहे बाबा. छान वाटतंय.

२२ जून, रविवार

देवा, तुझे उपकार.

आज प्रार्थनेत तोआकासेने स्तोत्रांचे पुस्तक हातात धरले आणि वाचून गायली. दोन्ही डोळ्यांनी. पाठ असलेले नव्हे, वाचून. फुसीताई बायकांच्या बाजूला होती. तिचा आवाज रडण्याने मध्येच तुटला आणि तिने पुन्हा सूर धरला तो इतका वरचा, की पाद्रीबुवांनी मान वळवली.

घरी येऊन मुलीने माझ्याकडे नीट बघितले. म्हणाली, "बाबा, तुमचे केस पांढरे कधी झाले?"

मी हसलो. पण पांढरे व्हायला लागले तेव्हा तिला चांगले दिसत होते. माझे सगळे केस काळे असताना मला शेवटचे बघून गेली ती दुसरी.

२६ जून, गुरुवार

तोआकासे डाव्या हाताने जेवली.

विणायला बसली तर डावीकडून सुरुवात केली. फुसीताई आतून ओरडली, "अगं, उलटं कुठं चाललंयस? आईच्या पोटातून शिकून आल्यासारखी!" मग एकदम म्हणाली, राहू दे आजचं विणणं.

संध्याकाळी पायरीवर बसलो होतो. मागून मुलगी आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ओंडक्या, हल की जरा."

मी वळलो नाही. वळलो असतो तर ते थांबले असते, अशी भीती वाटली. त्याची भीती वाटली, दुसऱ्या कशाची नाही. हे इथे खरे लिहून ठेवतो.

तो शब्द मी तिला कधी सांगितलेला नाही.

३० जून, सोमवार

सकाळी थेंब टाकायला गेलो तर ती उताणी पडून होती, डोळे सताड उघडे. म्हणाली, डोळ्यांवर वाळू आहे. पुसली तरी जात नाही. कुठेही वाळू नव्हती.

डावा डोळा दुखतो म्हणते. आतून, मागून. काहीतरी हळूहळू पुढे सरकते आहे म्हणते.

पण दिसते आहे. लांबचे दिसते, बारीक दिसते. मग थेंब बंद कसे करायचे?

टाकले.

२ जुलै, बुधवार

तोआकासे माझा डबा घेऊन प्रयोगशाळेत आली. बाईंनी कौतुकाने आत बोलावले. टेबलावर जांभळ्या नळ्यांची रांग होती. ती वाकून बघत होती. डाव्या डोळ्यातून पाणी आले, गालावरून उतरले आणि एका नळीत पडले.

जांभळे गेले. त्याच क्षणी. पिवळे.

बाई म्हणाल्या, तेल असेल गालाला. साबणाने तोंड धुवायला लावले, स्वच्छ काचेवर दुसरा थेंब घेतला, दुसऱ्या नळीत टाकला. पिवळे. मोजले. सतरा नंबरपेक्षा वर. बाईंनी आकडा लिहिला, खोडला, मग माझ्याकडे बघितले. विचारले, "काका, तुम्ही हिच्या डोळ्यांत काय घातलंत?"

मी खोटे बोललो. एकोणपन्नास वर्षांत पहिल्यांदा तोंडावर खोटे बोललो. काही नाही म्हणालो.

तोआकासे त्या पिवळ्या नळीकडे बघून हसत होती. हसताना उजवीकडचा दात झाकायची सवय लेसिएलीची. तो दात तुटलेला होता. मुलीचा तुटलेला नाही.

४ जुलै, शुक्रवार

फुसीताईने बोलावले. मी पायरीवर, ती दाराच्या आत. हळू बोलली. कधी बोलत नाही इतके हळू.

जे बोलली ते मला लहानपणापासून माहीत आहे. जिवंत माणसाचे दुखणे औषधाने हलत नसेल, तर त्याच्या घरातल्या मेलेल्या माणसाच्या हाडात झाडाची मुळी शिरलेली असते. जिथे मुळी, तिथेच दुखणे. मग थडगे उघडायचे, मुळी कापायची, हाडांना तेल लावून झाडाच्या सालीच्या नव्या कापडात गुंडाळून परत ठेवायचे. माझ्या काकांनी आजोबांचा गुडघा असाच सोडवला होता. आणि काकांचा आखडलेला पाय सुटून ते चालायला लागले होते.

मी म्हणालो, आता कोण मानते हे?

ताई म्हणाली, "झाड कुणी लावलं?"

मग म्हणाली, "राख नव्हती ती, फिलिमोने. नऊ वर्षं तुझी मुळी सरकते आहे. बेटावर होतास तोवर वाळू साफ करायचास, जमीन खालीवर करायचास, म्हणून हळू चालली. आणि आता त्याच झाडाची पानं तू पोरीच्या डोळ्यांत पिळलीस. माझ्या भाचीला दिसायला लागलं खरं, पण तुलाच दिसेना झालंय."

बोट शनिवारी काढ म्हणाली. उद्याच.

५ जुलै, शनिवार

बोट काढली नाही. वारा होता.

सोआकाई म्हणाला, वारा कुठे आहे दादा?

६ जुलै, रविवार

प्रार्थनेला गेलो नाही. अंगात कणकण आहे असे सांगितले.

घरात आम्ही दोघेच. ती माझ्याजवळ बसली आणि बोलत राहिली. आमच्या लग्नात डुक्कर सुटून पाहुण्यांच्या चटयांवरून पळाले होते ते. पहिले मूल गेले त्याचे नाव. ते नाव आम्ही दोघांनी ठेवले होते आणि कुणाला सांगितले नव्हते. पोराला पुरून येताना वाटेत मी तिचा हात धरला नाही, म्हणाली. लोक होते म्हणून धरला नाहीस ना, ओंडक्या? मला माहीत होतं रे.

मी हात धरला.

नऊ वर्षे ज्याची क्षमा मागायची होती ती मागितली. तिने दिली.

डावा डोळा लाल झाला आहे. मध्येच कण्हते. मी म्हटले, तोआकासे, फार दुखते का ग? तिने विचारले, कोण?

८ जुलै, मंगळवार

बाईंनी सुट्टी घ्यायला सांगितले. फार वाईट वाटले त्यांना माझ्याकडे बघून. सोआकाईला त्या झाडाची आणखी चार गोण्या पाने आणायला पाठवणार होत्या. तो नाही म्हणाला. कारण सांगितले नाही. भला माणूस.

निघताना जांभळ्या पाण्याची एक छोटी बाटली खिशात टाकली. का, ते तेव्हा माहीत नव्हते.

पाने संपत आली. ताईने फेकून दिली होती, मी वेचून आणली. रोज टाकतो. नजर जाऊ नये म्हणून टाकतो — असे लिहितो आहे. तसे नाही. तसे नाही हे देवाला दिसते.

९ जुलै, बुधवार

अधूनमधून मुलगी येते. पाण्यातून वर आल्यासारखी. आज दुपारी आली. माझी बाही घट्ट धरली. म्हणाली, "बाबा, आईला सांगा ना, थोडं सरकायला. मला जागाच नाही."

मग गेली.

मी बाही सोडवून घेतली नाही. तशीच बसून राहिली ती, पण ती नव्हती.

१० जुलै, गुरुवार

आज आली नाही. दिवसभर वाट बघितली. दुसरीच बोलत होती, हसत होती, भांडी घासत होती डाव्या हाताने. आणि मला — हे लिहिलेच पाहिजे — मला दिवस चांगला गेला असे वाटले. संध्याकाळी आठवले की मुलगी आली नाही.

विसरलो होतो. माझी मुलगी. संध्याकाळपर्यंत.

ताईच्या दाराशी जाऊन सांगितले, शनिवारी नक्की. आत गुडघे टेकल्याचा आवाज आला.

१२ जुलै, शनिवार. मोतुवाई

पोचलो. दोन्ही डोळे आता दुखतात तिचे. बोटीत सगळी वाट घट्ट मिटून बसली होती.

गावात सुरूची झाडे तेवढी उभी. थडग्यांवर गवत. उंडीचे झाड केवढे झाले आहे. सावली फार सुंदर पडते.

सोआकाई बोटीत पाठ करून बसला. ताई पोरीला घेऊन सुरूखाली. मी एकटा खणतो आहे. वही जवळ ठेवली. हात लिहितो तोवर दुसरे काही धरत नाही.

वाळू काढली. कापड काळे पडले आहे. उघडले.

लेसिएली.

मुळी उशाकडून वळून आत आली आहे. अंगठ्याएवढी जाड. डाव्या डोळ्याच्या खळगीतून आत. एक बारीक फाटा उजव्या खळगीत टेकला आहे. पांढरा, कोवळा. ताजा.

तिला सावली मिळावी म्हणून —

करवत लावली. एकदाच ओढली. सुरूखालून हाक आली. लेसिएलीच्या आवाजात. "ओंडक्या, दुखतंय रे."

शेवटच्या आजारात चार महिने होती. एकदाही दुखतंय म्हणाली नव्हती. मला त्रास नको म्हणून. आज म्हणते आहे.

थांबलो.

ताई ओरडते आहे, "लिहितोस काय! काप!"

कोवळा फाटा आधी कापला. पांढरे पाणी आले. ती किंचाळते आहे. माझे नाव घेते आहे, खरे नाव, पोराचे नाव घेते आहे. पुन्हा एकटीला ठेवून जाऊ नको म्हणते. जाडी मुळी अर्धी झाली. हात चालत —

झाले. कापली.

आवाज बंद झाला. समुद्राचा तेवढा.

मुळी खळगीतून ओढून काढली. तेल लावले. नवे कापड. काळा खडा परत ठेवला. मी म्हणालो, लेसिएली, ऊन लागेल आता तुला.

ताई पोरीला घेऊन आली. माझ्या शेजारी वाळूत बसली. इतकी जवळ ताई कधी बसली नव्हती. रीत मोडली तिने. माझा खांदा धरून बसली आहे.

पोरगी डोळे उघडत नाही. तोआकासे म्हणून हाक मारली. काही नाही. दुसऱ्या नावाने मारली. काही नाही. श्वास चालू आहे. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहते आहे.

बाटली कशासाठी आणली ते आता कळले.

चंदेरी कागद काढला. जांभळे आहे. रंग राहिला तर माझी मुलगी. उडाला तर

ताई प्रार्थना करते आहे. मलाही म्हण म्हणते. रंग राहू दे, एवढेच म्हणायचे आहे. मोठ्याने म्हणतो आहे. तिच्या डोळ्यातला थेंब बोटावर घेतला. बाटलीवर धरला. देवा, मोठ्याने म्हणतो आहे तेच ऐक. आत जे चालले आहे ते माझे नाही, ते ऐकू नकोस, पडला थेंब, ऐकू नकोस, रंग —